सुट्टीच्या रकान्यातले सोमवार

कोपरला स्टेशनाजवळ मंदाकिनीबाईंचं उपासाच्या पदार्थांचं छोटंसं दुकान. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून मुलांकडे परगावी निघून गेली होती. हा श्रावण रिकामा गेला तर दुकान मिटायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. म्हणून सुनेनं, क्षिप्रानं, आषाढातच वेबसाइट हाती घेतली.

"आई, माणसं वाचतात ते पान वेगळं. त्याच्यामागे मोबाइलवर दुकानं शोधून देणाऱ्या यंत्राला कळतील अशी लेबलं लावायची. हे नाव, हा पत्ता, हा राजगिऱ्याचा लाडू."

"डब्यांना चिठ्ठ्या लावतो तशा?"

"अगदी! आता सांगा, सुट्टी कधी?"

आजवर मंदाकिनीबाईंना सुट्टी कोणी विचारलीच नव्हती. त्यांनी नेमाचे दिवस सांगितले. दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणातले सगळे सोमवार. "त्या दिवशी मी चुलीला हात लावत नाही गं." क्षिप्रानं पंचांगातून तारखा काढून सुट्टीच्या रकान्यात भरल्या.

पहिला सोमवार शुकशुकाटात गेला. दुसराही. आदल्या दिवशी भरून ठेवलेली पाकिटं पुढ्यात घेऊन कामाची कलावती दिवसभर बसून असायची.

"बाई, देव रुसला की काय आपल्यावर?"

"असं बोलू नये," म्हणत मंदाकिनीबाईंनी जपाची एक माळ वाढवली.

शेवटच्या सोमवारी टिटवाळ्याहून बहिणीकडे आलेली एक बाई दारात थबकली. "अय्या, उघडंय? मोबाइलवर तर बंद दाखवतंय. मागच्या सोमवारीही बहिणीनं बघितलेलं, बंदच होतं!"

मंदाकिनीबाईंनी माजिवड्याच्या ऑफिसात क्षिप्राला फोन लावला.

"अहो आई, तुम्हीच सुट्टी म्हणालात ना?"

"माझी गं! दुकानाची कुठे? कलावती असते की."

पलीकडे कळा खडखडल्या. मग, "काढल्या मी त्या तारखा. पण ते यंत्र परत येऊन वाचेल तेव्हाच दिसेल. कधी, ते सांगता येत नाही."

उपासाचं माणूस असं दुकान उपासाच्याच दिवशी शोधतं, आणि नेमके तेच दिवस मंदाकिनीबाईंनी स्वतःच्या तोंडानं मिटवले होते. नेम एकही मोडला नव्हता. श्रावणातला सोमवार मात्र आता एकही उरला नव्हता.

"कलावती, ती पोळीभाजीवाली तुला कामाला बोलावत होती ना? हो म्हण तिला."

"आणि तुम्ही?"

स्टुलावर चढून मंदाकिनीबाई वरच्या फळीवरच्या रिकाम्या बरण्या एकेक करून खाली देऊ लागल्या.