घाणेरीचं तेल

पेढा कुठल्या बाजूने चावावा, असा सावळेरामपुढे प्रश्न होता. डावीकडची दाढ किडलेली, उजवीकडची त्याच वाटेवर. तेवढ्यात हर्षालीमॅडम म्हणाल्या, "मामा, पुण्याहून रिपोर्ट आला. आपल्या घाणेरीच्या तेलात युजेनॉल सापडलं."

सावळेरामने पेढा तसाच खिशात ठेवला.

तो तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर होता. परिचर हा शब्द नेमणूकपत्रापुरता. एरवी प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचा तो मामा. बावीस वर्षं तो काचेची भांडी धूत आला होता आणि फळा पुसत आला होता. दरवर्षी लवंगेच्या प्रयोगाखाली मोठ्या अक्षरात 'युजेनॉल' लिहिलेलं असे. पुसता पुसता त्याला तेवढं रसायनशास्त्र आलं होतं: युजेनॉल लवंगेत असतं.

घाणेरी म्हणजे बांधाबांधावर माजलेलं, शेळीही तोंड लावत नाही असं झुडूप. मॅडमची पीएचडी तिच्यावर होती, कारण चांगल्या वनस्पती इतरांनी आधीच घेऊन टाकल्या होत्या. पाला सावळेराम आपल्या गावाहून, तळेघरहून, एसटीने आणायचा. कंडक्टर दर खेपेला पोत्याकडे बघून विचारायचा, "पावणं, हे घेतं कोण?"

"सरकार," सावळेराम सांगायचा. मग पुढचे प्रश्न येत नसत.

पाला तीन तास उकळायचा, वाफ थंड करायची, की काचेच्या नळीत थेंब थेंब तेल जमतं. ते जांभळ्या द्रावणात टाकायचं. जांभळा रंग जितका उडेल तितका तेलात दम. असं तेल शरीराला गंज चढू देत नाही, असं मॅडम वर्गात सांगत. घाणेरीच्या चार तेलांनी ते जांभळं ढिम्म हललं नव्हतं. पाचव्याने ते पार पिवळं केलं. पाचवा पाला फुलोऱ्यातला होता, म्हणून मॅडमनी श्रेय फुलोऱ्याला दिलं.

सावळेरामला मात्र पाचव्या पाल्याआधीचा शनिवार आठवला. दाढ ठणकत होती. त्याने घरून मूठभर लवंगा आणल्या, त्याच यंत्रावर उकळल्या आणि दाढेची सोय केली. यंत्र ॲसिटोनने धुवायचं असतं. पण ॲसिटोन दिवाळीपासून संपलेलं, मागणीचा कागद प्राचार्यसाहेबांच्या टेबलावर. त्याने साबणाने धुतलं. सोमवारी त्यावर घाणेरी चढली. तेल निघालं तेव्हा त्याच्या दाढेत लवंगतेलाचा बोळा होता, त्यामुळे त्याला त्या दिवशी चहालाही लवंगेचाच वास येत होता. आणि मॅडमचा वास कोरोनात गेला तो परत आलाच नव्हता. सुगंधी तेलांचं संशोधन त्या नुसत्या कागदावरच्या आकड्यांवर करत होत्या.

फ्रीजमधली पाचवी बाटली उघडून त्याने नाकाला लावली. आज दाढेत बोळा नव्हता, तरी वास लवंगेचाच. मग व्हरांड्यात येऊन त्याने शिपाई सयाजीला सगळं सांगितलं.

सयाजीने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "म्हयनाअखेर रिटायर व्हणार तू. गप बस की राव. घाणेरी काय कोर्टात जाणार हाय?"

सावळेराम तासभर गप बसला. त्या तासात त्याने धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुतल्या. मग मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, त्या तेलात घाणेरीपरीस माझी दाढच जास्त हाय."

त्याने शनिवार सांगितला, साबण सांगितला आणि पाचवी बाटली पुढे ठेवली. मॅडमनी बाटली नाकाशी नेली, सवयीने, आणि तशीच खाली ठेवली.

"नक्की, मामा?"

"तुमाला वास येत न्हाई, मला येतोय. येवढाच फरक हाय."

मॅडम स्टुलावर बसल्या. नऊ वर्षं त्या तासाच्या मानधनावर शिकवत होत्या. कायम जागेची मुलाखत वीस तारखेला होती, आणि पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी हा निष्कर्ष चार ठिकाणी सांगूनही टाकला होता. मग त्या म्हणाल्या की, रिपोर्ट आल्या आल्या त्यांनी गावी, महाळुंग्याला, वडिलांना फोन करून बांधावरची घाणेरी तोडू नका म्हणून बजावलं होतं. ते लगेच हो म्हणाले होते.

"तुम्ही सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं."

"व्हय."

मग मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि सरांना पत्र लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मराठीत वाचून दाखवलं: यंत्र नीट धुतलं न गेल्यामुळे पाचव्या नमुन्यात भेसळ झाली, निष्कर्ष मागे घेते.

"कुणी धुतलं न्हाई, ते?"

"ते लिहायची गरज नाही."

"मग ते तुमच्यावर यील. माझं नाव घाला." त्यांचा हात हलेना, तसा तो म्हणाला, "पाच पीएचड्या झाल्या हितं. कशात नाव आलं न्हाई. चुकीत तरी यिऊ द्या."

मॅडमची बोटं टंकायला लागली आणि थांबली. नऊ वर्षांत ही वेळ आली नव्हती.

"पूर्ण नाव काय तुमचं, मामा?"

"सावळेराम भागू लोहकरे."

नाव उमटलं. सावळेरामने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि वाकून एकेक इंग्रजी अक्षर वाचलं.

"बराबर हाय. पाठवा."

मॅडमचं बोट बटणावर थांबलं होतं. ते खाली जाईपर्यंत तो हात मागे बांधून, फोटोला उभं राहावं तसा, ताठ उभा राहिला.