अण्णांच्या नावावरचं यंत्र

फूटपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण मासिकाच्या ऑफिसात कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली असती तर तिनेच मान वर केली नसती. बाजारात नवं यंत्र आलं की विकत आणायचं, वापरून वापरून त्याचा जीव काढायचा, आणि वाचकांना सांगायचं की घ्या किंवा घेऊ नका, हे तिचं काम. कंपन्या परीक्षणासाठी यंत्रं फुकट पाठवायला एका पायावर तयार असत. ही बाई त्यांना हात लावत नसे. "पाहुण्यांसमोरची पोरं आणि कंपनीने पाठवलेलं यंत्र, दोन्ही शहाण्यासारखीच वागतात," असं तिचं म्हणणं. म्हणून खरेदी दुकानातून, आणि कंपन्या तिचं नाव ओळखायला लागल्यापासून ती वडिलांच्या नावावर.

हे वडील म्हणजे अण्णा. त्यांची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. लोकांच्या चुका काढायचा पगार मिळतो म्हणजे चैनच आहे, असं ते सांगायचे. आता मात्र त्यांची नजर बिघडली होती. कडेचं दिसायचं, पण जिकडे पाहावं तिथे नेमका मधोमध डाग. भिंग धरलं तर हात थरथरायचा, आणि मोबाइलच्या चकचकीत काचेकडे पाहिलं की डोळ्यांना धार लागायची. निम्म्यावर आलेली एक जाडजूड कादंबरी खूण घालून फळीवर पडली होती ती पडलीच होती.

"मी वाचून दाखवते ना," लेक म्हणायची.

"राहू दे," अण्णा म्हणायचे.

लेकीचं परीक्षण ते ऐकायचे, बातम्याही ऐकायचे. ते काम झालं. पण कादंबरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची म्हणजे आपले डोळे गेले हे कबूल करायचं, आणि ते कबूल करायला म्हातारा तयार नव्हता. एकदा राहू दे म्हटलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ऐकायचे नाहीत.

अशात बाजारात पुस्तकं वाचायचं एक नवं यंत्र आलं. पडदा कागदासारखा, चकाकी नाही, पानं उलटायला अंगठ्याखाली खरीखुरी बटणं. फूटपट्टीने ते रीतसर छळलं. टेबलावरून पाडलं, किल्ल्यांबरोबर पिशवीत हिंडवलं, उन्हात खिडकीशी ठेवलं, ओल्या हाताने वापरलं. यंत्र हूं की चूं करेना. आतल्या प्रणालीत मात्र खोडी होत्या. शब्दकोश उघडला की मिटायला नको म्हणायचा, आणि दोन प्रसंगांच्या मधे लेखकाने सोडलेली मोकळी ओळ हा पठ्ठ्या सरळ गिळून टाकायचा, की कालची गोष्ट आणि आजची गोष्ट एकाच दमात.

तिच्या परीक्षणात गुणांची खाती तीन. पहिलं यंत्राचं, दुसरं आतल्या प्रणालीचं. तिसरं तिने हट्टाने घातलेलं, आणि त्यावरून ऑफिसात तिची येता-जाता चेष्टा व्हायची. या यंत्रातला वाचनाचा प्रोग्राम कंपनीने स्वतः लिहिलेला नव्हता. तो ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला. घ्या, बदला, विका, कोणी पैसा मागत नाही. परवान्यात अट एकच, की ज्याला विकाल त्याने मागितलं तर तुमच्या बदलांसकट सगळा कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, त्याच्या हातात ठेवायचा. ही अट कंपनी पाळते का, त्याचं हे तिसरं खातं.

"याचं वाचकांना काय पडलंय?" संपादक विचारायचे.

"विहीर गावाची आणि कुलूप यांचं, हे चालायचं नाही," ती म्हणायची.

तिने तीच कादंबरी यंत्रावर घेतली, अक्षरं होतील तेवढी मोठी केली आणि अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी यंत्र उजेडाला धरलं, मान तिरकी केली, एक ओळ पकडली, अर्ध्यात सोडली, पुन्हा पकडली.

"थोडं आणखी मोठं होतं का गं?"

"नाही, अण्णा. एवढंच."

"बरं," म्हणून त्यांनी यंत्र परत दिलं. पुन्हा काही विचारलं नाही.

ऑफिसातल्या प्रोग्रामरने यंत्राला वायर जोडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अक्षरांवरची मर्यादा कंपनीने उगाच घातलेली होती. कोड मिळाला तर ती काढणं एका दुपारचं काम, म्हणाला. मग काय, तिने कंपनीला लिहिलं. यंत्र अण्णांच्या नावावर, तेव्हा मागणीही त्यांच्याच नावाने: मी तुमचा ग्राहक, परवान्याप्रमाणे मला कोड द्या. तिथेच थांबायचं. पण मायेला कुठे थांबायचं कळतं? तिने पुढे एक वाक्य जोडलं, की माझी दृष्टी अधू आहे आणि मला मोठी अक्षरं लागतात.

कंपनीने बरेच दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली. मग घरी फोन आला. त्यांचा सॉफ्टवेअरप्रमुख बोलत होता, आवाज मऊ, माणूस अदबशीर.

"आजोबांशी बोलायचं होतं. आपण त्यांच्या कन्या ना? मासिकात परीक्षणं लिहिता?"

"हो," ती म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवून उपयोग नव्हता.

"आजोबांसाठी आम्ही मोठ्या अक्षरांची खास आवृत्ती पाठवतो," तो म्हणाला. "चाचणीची आहे, महिनाअखेर आपोआप बंद पडेल. तोवर तुमचं परीक्षण येईलच. चांगलं आलं तर ती आम्ही कायमची करून देऊ. फक्त ते तिसरं खातं... जरा सांभाळून घ्या."

"आणि कोड?"

"ते माझ्या हातात नाही हो."

तिने आवृत्ती घेतली. घेणार नाही तर काय! अण्णांनी यंत्र उजेडाला धरलं, मान तिरकी केली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लेक समोर उभी आहे हे ते विसरूनच गेले. पानावर मावत होत्या जेमतेम चार ओळी, पण एका ओळीनंतर दुसरी नीट येत होती, आणि मधेच एका जागी ते स्वतःशी हसले. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

मग तिने परीक्षण लिहिलं. यंत्राला भरघोस गुण दिले, प्रणालीला बेताचे, आणि तिसऱ्या खात्यात लिहिलं, "परवान्याच्या अटींबाबत कंपनीचा प्रतिसाद समाधानकारक आहे." गुण पैकीच्या पैकी.

आता तिचं कुठलंही परीक्षण अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जात नसे. नजर बिघडल्यापासून ती वाचून दाखवी, आणि ते डोळे मिटून चुका काढत. आजही ती कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"वाचतेस कशाला?" अण्णा म्हणाले. अंगात दहा हत्तींचं बळ आलेलं. "टाक यावर. मीच वाचतो."

नाही कशी म्हणणार? तिने टाकलं. ते वाचायला लागले आणि ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. बटणाचा आवाज येत होता, मग यायचा थांबला.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"प्रतिसाद समाधानकारक? तू असं लिहीत नाहीस. दिलं तर दिलं म्हणतेस, नाही तर नाही दिलं म्हणतेस."

तिने सगळं सांगून टाकलं. कोड म्हणजे काय, अट काय, फोन कोणाचा आला, महिनाअखेर काय होणार.

"म्हणजे माझ्या नावाने मागितलंस, आणि मलाच पत्ता नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मागितलं काय होतंस?"

"कोड."

"आणि दिलं काय?"

"अक्षरं. तुम्हाला वाचता येतंय, अण्णा. मला दुसरं काही नको."

"मला हवंय गं हे. खोटं कशाला बोलू, फार हवंय." त्यांनी यंत्र मांडीवर पालथं ठेवलं. "पण इतक्या दिवसांनी डोळ्यांनी वाचायला बसलो आणि माझ्या पोरीचं खोटं वाचलं. आणि माझ्यासारखे आणखी किती असतील. त्यांच्या मुली कुठे परीक्षणं लिहितात?"

अण्णांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

सकाळी तिने त्या सॉफ्टवेअरप्रमुखाचा नंबर लावून दिला आणि फोन अण्णांनी घेतला.

"मी तुमचा ग्राहक. अक्षरांबद्दल मनापासून आभार. पण मी मागितलं होतं ते हे नव्हे. मला कोड हवा."

"आजोबा, तुम्हाला कोड वाचता येतो?" पलीकडून प्रश्न आला, आणि विचारणारा चेष्टा करत नव्हता.

"छे! मला आता वर्तमानपत्र वाचता येत नाही. म्हणून पेपरवाल्याने पैसे घेऊन पेपर टाकायचा नाही की काय?"

तो हसला. "वर सांगून बघतो," म्हणाला.

"सांगा. मला काय काम आहे? दर सोमवारी फोन करीन."

परीक्षण गेलं ते तिसऱ्या खात्यात शून्य घेऊन. "मागितला. दिला नाही," एवढंच. पुढचे दिवस अण्णांनी आंघोळ-जेवण सोडलं तर यंत्र हातचं सोडलं नाही. चार-चार ओळींनी कादंबरी संपवायची म्हणजे पोहऱ्याने विहीर उपसायची, पण म्हातारा हटला नाही. महिना संपला त्या दुपारी बटण दाबलं आणि अक्षरं मुंग्यांएवढी झाली. शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

ती दारात उभी राहून बघत होती. अण्णा यंत्र हातात धरून खिडकीकडे तोंड करून बसले होते. सोमवारी फोन होणारच होता, त्याच्या पुढच्या सोमवारीही. कोड कधी येईल, येईल की नाही, कोणाला ठाऊक.

"इकडे ये," ते म्हणाले आणि यंत्र तिच्यापुढे धरलं. "वाच."

"कादंबरी?"

"मग काय पंचांग? वाच. आणि घाई करू नकोस, तुला स्वल्पविराम खायची खोड आहे."

ती त्यांच्या पायाशी बसली आणि वाचू लागली. अण्णांनी डोळे मिटले. दोन पानं झाली, तिसऱ्यावर ती एका वाक्यावरून पुढच्या वाक्यावर जात होती, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. इथे मोकळी ओळ असणार."

तिने पाहिलं. पडद्यावर वाक्याला वाक्य चिकटलेलं होतं. पण पहिल्या वाक्यात बाई स्टेशनवर उभी होती, आणि दुसऱ्यात तिचे केस पांढरे झाले होते.

"हो, अण्णा," ती म्हणाली. "आहे."

एका ओळीएवढी ती गप्प राहिली. मग पुढे वाचू लागली.