बायकांच्या बाकावरची पोर

"हो म्हणायच्या आधी त्या पोरीला एकदा एकटीला बसवून विचार," कालोलाईने बाईंनी लोसालिनेला बाजाराच्या दारातच अडवून सांगितलं होतं. बाईंच्या हातात रताळ्यांची टोपली, लोसालिनेच्या कडेवर तान्ही लूपे, आणि डोक्यावर रणरणतं ऊन. "अगं, तू एकदा हो म्हणालीस की पुढे नाही म्हणायची कुणाची छाती नाही. म्हणून म्हणते."

"बाई, ती लहान आहे. तिला काय विचारायचं? तिला काय कळतंय?"

"कळत नाही, आणि लग्न लावताय?"

लोसालिने नुसती हसली. बाई फिफिताच्या वर्गशिक्षिका. हुशार मुलगी शाळेतून गेली की शिक्षकाचा जीव तुटतोच, असं तिनं मनाशी म्हटलं, लूपेच्या डोक्यावर फडकं ओढलं आणि हिहिफोकडे जाणारी बस गाठायला धावली.

फिफिता तिच्या भावाची, विलिसोनीची मुलगी. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणणाऱ्यांनी टोंगात येऊन बघावं. इथे आत्याला मिशा लागत नाहीत. दहा काकांचा मान तिच्या एकटीच्या वाट्याला. विलिसोनी वयानं लोसालिनेपेक्षा चांगला मोठा, पण बहिणीच्या घरी आला की तो पायरीवरच बसतो. आत येत नाही, डोळ्याला डोळा देऊन बोलत नाही. त्यातून ही फिजीला जाऊन कॉलेज शिकून आलेली. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

झालं होतं एवढंच की फिफिता चर्चच्या हॉलमधल्या नाचाला गेली आणि सकाळी गावातल्या सेमीसी नावाच्या पोराच्या गाडीतून परतली. वाटेत टायर फुटला, गाडीत आणखी दोघी होत्या, हे सगळं खरं. पण गावाला टायरशी काय करायचं? संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा झाला. चौथ्या दिवशी सेमीसीच्या घरचे लोक रीतीप्रमाणे डुक्कर आणि कावा या पेयाची मुळं घेऊन माफी मागायला आले आणि माफीच्या पोटातून मागणी निघाली.

विलिसोनी पायरीवर बसून जमिनीकडे बघत राहिला. बायको गेल्यापासून तो कमी बोलायचा. असल्या विषयावर बहिणीसमोर तर त्याची जीभ टाळूलाच चिकटे.

"तुझं काय म्हणणं?" एवढंच त्यानं विचारलं.

लोसालिने आत लूपेचं अंघोळीचं पाणी कोपरानं तपासत होती. एकदा तपासलं, पुन्हा तपासलं. लेकीच्या बाबतीत ती अशीच. पोर जरा जास्त वेळ झोपली तर तिच्या नाकाशी बोट धरून बघणारी. कोपर पाण्यात ठेवूनच ती म्हणाली, "होऊन जाऊ दे, दादा. चार लोकांत मान खाली घालण्यापेक्षा बरं."

झालं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नोंदणीच्या कचेरीतही फार वेळ लागला नाही. पंधरा पूर्ण आहेत ना? आहेत. वडिलांची संमती? ही घ्या सही. फिफितानं शाळेचेच बूट घातले होते, दुसरे नव्हते. सही करताना ती मागे वळून आत्याकडे बघत होती. आत्या तिची कॉलर सरळ करत होती. लग्नात आत्याला सगळ्यांत वरच्या जागी बसवलं, आधी तिला वाढलं, सर्वांत मऊ विणीची चटई तिच्या पुढ्यात ठेवली. गावानं म्हटलं, लोसालिनेनं घराची अब्रू राखली. तिलाही ते खरं वाटलं. कुणी वाखाणलं की खरं वाटायला किती वेळ लागतो!

मग मे महिना आला आणि मुलांचा रविवार आला.

त्या दिवशी चर्चमध्ये पुढचे बाक मुलांचे. नवे पांढरे कपडे घालून एकेक मूल उभं राहतं, पाठ केलेलं वचन म्हणतं, आया रुमालानं डोळे पुसतात. मूल म्हणजे बिनलग्नाचं कुणीही. सेमीसीचा थोरला भाऊ तेविता चोवीस वर्षांचा, पण त्याचं लग्न झालेलं नाही, म्हणून तोही पुढच्या बाकावर गुडघे दुमडून बसला होता.

"बाळाला दाढी करून आणायची होती गं!" मागून एक बाई कुजबुजली.

"वचन विसरलं तर बाटली द्या तोंडात," दुसरी म्हणाली, आणि बायकांच्या बाकावर खसखस पिकली.

त्याच बाकाच्या टोकाला फिफिता बसली होती. कमरेला इथल्या बायकांच्या रीतीनं चटई गुंडाळलेली, केस वर बांधलेले, हात मांडीवर. लोसालिने दोन रांगा मागे होती. फिफिताच्या वर्गातली एक मुलगी पुढे उभी राहिली आणि मधेच अडखळली. तेवढ्यात फिफिताचे ओठ हलले, पुढची ओळ तिनं हलक्या आवाजात पुरवली. मागच्या वर्षी हेच वचन तिनं स्वतः म्हटलं होतं.

"तोंड काय हलवतेस?" सासूनं कोपरानं ढोसलं. "तू आता मुलांत आहेस का? ऊठ, जेवणाचं बघ."

जेवण मुलांचं. त्यांनी बसायचं, मोठ्यांनी वाढायचं. फिफिता तिच्याच वर्गातल्या मुलींच्या पानांत नारळाच्या दुधातले मासे वाढत गेली. मुली आधी लाजल्या, मग एकीनं खोडी काढली, "काकू, मला थोडंच हं." सगळ्या खिदळल्या. फिफिताही हसली. तेवितानं पान पुढे केलं, "काकू, बाळाला अजून एक नीरफणसाचा तुकडा."

लोसालिनेनं लूपेला मांडीवर घट्ट धरलं. फिफिताचा डावा हात मनगटापासून वर भाजलेला होता, आणि त्यावर कुणी काही लावलेलं दिसत नव्हतं.

ताटं उचलताना फिफिता तिच्याजवळ आली, लूपेचा पाय हातात घेतला आणि खाली बघत म्हणाली, "आत्या, आज मुलांचा दिवस आहे ना?"

"हो गं."

"मग आज मी तुझ्याकडे येऊ? लूपेला सांभाळीन. काम करीन. मला परत त्या घरी नाही जायचं, आत्या. तू सांग बाबांना. तू सांगितलंस तर ते नाही म्हणणार नाहीत. कुणीच नाही म्हणणार."

लोसालिनेनं आजूबाजूला पाहिलं. सासू टोपाचं झाकण हातात धरून इकडेच बघत होती. विलिसोनी खांबाशी, इकडे पाठ करून उभा होता. पाद्रीबाई जवळच होत्या. लग्नातली चटई परत करावी लागेल. लोक म्हणतील, शिकलेल्या बाईला शब्द पाळता आला नाही. एवढे सगळे विचार एका श्वासात कसे मावले, कुणास ठाऊक.

"बघू," ती म्हणाली. "आज नको. लोक आहेत. पुढच्या आठवड्यात बघू."

फिफितानं लूपेचा पाय हळूच खाली ठेवला. "बरं," म्हणाली आणि ताटं घेऊन गेली. रुसली नाही, रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी लोसालिने फिफिताच्या शाळेत गेली. कुठल्या तोंडानं गेली हे तिचं तिला माहीत. मुख्याध्यापक सज्जन होते. "लग्न झालेल्या बाईला मुलांमध्ये कसं बसवू? पालक काय म्हणतील?" ते म्हणाले. व्हरांड्यात कालोलाईने बाई फळा पुसत होत्या. त्यांनी लूपेला खाली ठेवायला खुर्ची पुढे केली, आणि ते लोसालिनेला थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं.

मग ती कचेरीत गेली. तिथला कारकून टेबलाखाली पाय घासत म्हणाला, "नवऱ्याविरुद्ध अर्ज? मुलगी करेल तर सोबत तिच्या वडिलांना आणा. ती अजून लहान आहे ना."

"लग्नाच्या वेळी मोठी होती."

"बाई, मी काय कायदे केले?" तो हसला. "हे बघा, सातव्या वर्षानंतर पोराला चोरीसाठी कोर्टात उभं करता येतं. पंधराव्याला लग्न. सोळाव्याला पोरग्याला जमिनीवर हक्क. आणि मत द्यायला एकविसावं. हिच्या नवऱ्याला बायको मिळाली, जमीन मिळाली, मत अजून नाही. ही तर दुसऱ्याच पायरीवर. माणूस नक्की कधी मोठं होतं ते तुम्ही शिकलेल्या लोकांनी सांगायचं. आम्ही आपले शिक्के मारतो."

त्याच्या मागच्या बाकावर दोघं फिसकन हसले. लोसालिनेनं लूपेला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती बाहेर पडली. कायद्यानं फक्त परवानगी दिली होती. शब्द तिनं दिला होता.

तिथून ती तडक विलिसोनीच्या घरी गेली. ती दारात दिसताच तो चटईवरून उठला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसला, रीतीप्रमाणे. दोघांच्या मध्ये भिंत. तिला तेव्हा ती भिंत बरी वाटली.

"दादा, फिफिताला घरी आण. मी चूक केली. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन. चटई मी स्वतः परत नेऊन देते."

पलीकडून तो म्हणाला, "आणली असती. सकाळीच बोटीत बसवलं त्यांनी. लिफुका बेटावर नेलं. तिथे सेमीसीच्या आजोबांची जमीन आहे, आता तिथेच राहणार म्हणाले."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"काल मी खांबाशीच होतो, लोसा. तिनं तुला विचारलेलं ऐकलं." त्याचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता, त्यात टोमणा नव्हता. "तू बघू म्हणालीस. मग मी कोण बोलणार?"

लोसालिनेनं लूपेच्या केसांत तोंड लपवलं. सात समुद्र ओलांडून शिकून आलेली बाई, आणि भावाच्या रिकाम्या घरात तिला बसायला जागा सापडेना.

तेव्हापासून ती फोन करते आहे. सेमीसी उचलतो. फिफिता पाण्याला गेली आहे, फिफिता मळ्यात आहे, फिफिता झोपली आहे. खोटं बोलतोय असंही वाटत नाही. त्यालाही हे कुणी शिकवून ठेवल्यासारखं वाटतं. पुढच्या बोटीनं जायचं तिनं ठरवलं होतं, पण लूपेला ताप भरला, आणि तापातल्या पोरीला समुद्रावर न्यायचा धीर तिला झाला नाही. विलिसोनीला एकट्याला पाठवावं, तर सेमीसीच्या आजोबांसमोर तो दारातच बसून राहील. म्हणून ती धक्क्यावर जाते आणि लिफुकाला जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगते. परत द्यायची ती लग्नातली चटई बगलेत असते, उन्हानं तिची वीण उसवायला लागली आहे. काहीजण हो म्हणतात, काहीजण नजर चुकवतात. कुणाच्या घरच्या भानगडीत कोण पडणार?

तुम्हीही त्या बाजूला जाणार असाल तर तिचं एवढं ऐका. लिफुकात पांगाईच्या धक्क्यावर उतरलात की चर्चच्या मागून समुद्राकडे वाट जाते. शेवटच्या घराच्या अंगणात नीरफणसाचं मोठं झाड आहे. आधी सासू बाहेर येईल, पोर कामात आहे म्हणेल. तरी निघू नका. प्यायला पाणी मागा, झाडाखाली बसा, हवापाण्याच्या गप्पा काढा. पाणी घेऊन फिफिता स्वतः आली की तिच्याकडे नीट बघा, खातेपिते आहे का, हसते आहे का ते बघा. आत्या येते आहे म्हणून सांगा. आणि ती काय म्हणाली, ते जसंच्या तसं लोसालिनेला येऊन सांगा, तिला ऐकवणार नाही असं असलं तरी.