तोंड काळं की लाल?

पिंपळगाव बसवंतच्या निसारभाई ड्रायव्हरसमोर कुणी वानराला माकड म्हटलं की संपलंच. मग बोलणारा गिऱ्हाईक असो, पोलीस असो, नाहीतर घरचा जावई असो. निसारभाई गाडी बाजूला घेणार, मागे वळणार आणि विचारणार, "तोंड काळं की लाल?" काळं तोंड आणि खाली लोंबणारी लांब शेपूट, ते वानर. लाल तोंड आणि तुमच्या हातातली पिशवी पळवणारं, ते माकड. "एवढं कळत नसेल तर जंगलात कशाला येता? सर्कशीत जा," हेही वर ऐकवणार. आपल्या लेकीला, निलोफरला, त्यांनी अलिफ-बे शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

म्हणून चांदवड सोडून वणीच्या रस्त्याला लागल्यावर ते जे बोलले, त्यावर निलोफरचा विश्वासच बसेना.

सफर तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी आणि ममदापूरची काळवीटं, दुसऱ्या दिवशी सप्तशृंगी गडाच्या घाटातली वानरं आणि वरची माकडं, तिसऱ्या दिवशी हरसूलकडचं जंगल. माहिती सांगायची निलोफरने, क्रूझर चालवायची अब्बांनी. पाहुणे तिघंच होते. गंगापूर रोडचे शेखर साहेब, बँकेतले, गळ्यात हा एवढा कॅमेरा. त्यांची बायको उज्वला, जिच्या पिशवीत खाकऱ्यापासून ओआरएसपर्यंत सगळं होतं. आणि शेखरची आई लंकाबाई, खास नामपूरहून आलेली. "माले जंगलमधला वांदर दखाडा," एवढाच तिचा हट्ट होता.

तर दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या उंबरावर फांद्या धडाधड वाजल्या. निसारभाईंनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "डावीकडे बघा साहेब, माकडं!"

निलोफरने पाहिलं. उंबरावर आठ-दहा वानरं बसली होती. काळीकुट्ट तोंडं, आणि फांद्यांवरून खाली सोडलेल्या शेपट्या इतक्या लांब की गाडीतून हात वर केला असता तर धरता आल्या असत्या.

"ही तर वानरं ना?" शेखर साहेब म्हणाले. काल दिवसभर त्यांना हाच धडा मिळाला होता, त्यामुळे गुरूची चूक सापडल्याचा आनंद लपत नव्हता.

निसारभाई हसले. "तेच ते," म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

तेच ते? अब्बा म्हणाले तेच ते? निलोफर त्यांच्याकडे बघतच राहिली. या एका शब्दावरून या माणसाने मामूंशी वर्षभर अबोला धरला होता. जीभ घसरली म्हणावं, तर जीभ घसरल्यावर अब्बा स्वतःच्या थोबाडीत मारून घेतात, हसून सोडून देत नाहीत.

म्हणजे त्यांना तोंडं दिसलीच नव्हती. शेपट्याही दिसल्या नव्हत्या. फांद्या वाजल्या, त्या त्यांनी ऐकल्या.

छे, असं कसं होईल, असं तिने स्वतःला समजावलं. सकाळपासून एवढा रस्ता यांनीच तर आणला. मालेगावपासून मुंबईपर्यंत द्राक्षाच्या गाड्या पळवलेला माणूस, जन्मात कुणाला कट मारला नाही. पण मनात एकदा पाल चुकचुकली की ती गप्प बसते होय? निलोफरला मागचं एकेक आठवायला लागलं. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, असं अब्बांनी यंदा ठरवलं. कारण काय, तर डिझेल महाग झालंय. अंधाराचा आणि डिझेलचा काय संबंध, हे तेव्हा विचारायचं तिला सुचलं नाही. आणि दिवाळीपासून त्यांनी तिला मागच्या सीटवरून उठवून पुढे, आपल्या शेजारी बसवलं. "गाईडने तोंड बंद ठेवायचं नाही," म्हणाले. "जे दिसेल ते बोलायचं. वळण आलं, वळण सांग. बैलगाडी आली, बैलगाडी सांग. पाहुण्यांना वाटलं पाहिजे की पोरीची नजर बारीक आहे." ती बिचारी खूश झाली होती. अब्बा आपल्याला तयार करतायत, असं वाटलं होतं तिला.

आता हे विचारायचं कसं? निसारभाईंचा आणखी एक कायदा होता. पाहुणे गाडीत असताना घरची बोली बोलायची नाही, मराठीच बोलायचं, नाहीतर पाहुण्यांना वाटतं की आपल्याबद्दलच कुजबुज चाललीय. म्हणजे जे विचारायचं ते तिघांच्या कानांवर पडणारच. अब्बा, तुम्हाला दिसतंय ना, असं बँकेच्या साहेबासमोर विचारायचं? त्यापेक्षा गाडीतून उडी मारलेली परवडली.

मग तिने एक गोष्ट केली. रस्ता सरळ होता, मोकळा होता, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. ती गप्प बसली.

आधी काहीच झालं नाही. मग गाडीचा वेग थोडा उतरला. निसारभाईंनी मान जराशी तिच्याकडे कलती केली. ती बोलली नाही. वेग आणखी उतरला. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं आवळली गेली, अगदी पांढरी पडेपर्यंत. मागून येणारा कांद्याचा टेम्पो हॉर्न मारमारून शेवटी ओलांडून गेला. गाडी आता पायी चालणाऱ्याच्या वेगाने चालली होती आणि समोर रस्त्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"बोल की गं," निसारभाई म्हणाले. आवाज हसरा ठेवला होता, पण गळ्याची शीर उडत होती. "झोप लागली का?"

"समोर रस्ता रिकामा आहे," निलोफर म्हणाली. "पुढे उजवीकडे वळण आहे. वळणावर हातपंप आहे."

गाडीने लगेच वेग घेतला.

म्हणजे दिवाळीपासून गाडी निलोफर चालवत होती. तोंडाने. आणि तिला पत्ताच नव्हता. ती पाणी प्यायची, खोकायची, मोबाइल बघायची, मागे वळून पाहुण्यांशी थट्टा करायची, तेवढा वेळ ही गाडी कशाच्या भरवशावर चालत होती? या अल्ला! मागे तीन जीव बसले होते, त्यातली एक सत्तरी ओलांडलेली म्हातारी, आणि पुढे गडाचा घाट होता.

घाटाच्या पायथ्याला, नांदुरीला, चहासाठी थांबले. निलोफर अब्बांना गाडीच्या मागे घेऊन गेली.

"घाट मी घेते," ती म्हणाली. "किल्ली द्या."

"कशाला?"

"तुम्ही दमलात."

"मी दमलो?" निसारभाईंचा पारा चढला. "पिंपळगावात विचार जाऊन, निसार कधी दमलाय का. सपाटीवर चालव, बाजारात चालव, पण घाटात पाहुणे बसवून नाही. लोक काय म्हणतील, बापाच्या हाताला काय झालं?"

"अब्बा, मघाशी ती वानरं होती."

निसारभाईंच्या चेहऱ्यावरचा राग होता तिथेच राहिला, पाहुण्यांसमोर ठेवणीतलं हसू ठेवतात तसा. "ऊन डोळ्यावर होतं," ते शेवटी म्हणाले आणि चहाकडे निघाले. ऊन तेव्हा पाठीवर होतं.

तेव्हाच तिने किल्ली हिसकावून घ्यायला हवी होती. नाही घेतली. बापाचा चारचौघांत पाणउतारा करणं तिच्याच्याने होईना, आणि या भिडेपायी आपण तीन परक्या माणसांना घाटात नेतोय, हे कळत असूनही पाय मुकाट्याने गाडीकडे चालले. स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

बाकड्यावर बसलेल्या लंकाबाईने तिचा हात धरला. म्हातारी मघापासून निसारभाईंकडे टक लावून बघत होती. त्यांनी कप घेताना आधी बोटाने काठ चाचपला होता.

"पोरी," लंकाबाई हळूच म्हणाली, "मना मालक बी आसाच कपले बोट लाईसन पाहे."

म्हातारीच्या नवऱ्याचीही नजर गेली होती तर. निलोफरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात उज्वला "आई, गोळी घेतली का?" म्हणत आली आणि विषय तिथेच राहिला.

घाट सुरू झाला आणि निलोफरने तोंडाचा पट्टा सोडला. डावीकडे कठडा आहे, कठड्यापलीकडे साग आहे. आता उजवं वळण, मोठं वळण, वरून एसटी येतेय, लाल एसटी, एसटी गेली. रस्त्याकडेला बाई मोळी घेऊन चाललीय. पुढे खड्डा, खड्ड्याच्या उजवीकडून. घसा कोरडा पडला तरी पाण्याची बाटली उचलायची सोय नव्हती. घोटभर पाणी म्हणजे अर्धं वळण. निसारभाई तिच्या शब्दाशब्दाला स्टिअरिंग वळवत होते. हात अजून सफाईदार होते, खोटं कशाला बोला. बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं.

"ताई," मागून शेखर साहेब म्हणाले, "जरा शांत बसता का? जंगलाचा आवाज तरी ऐकू द्या. एसटी काय, खड्डा काय, हे आम्हालाही दिसतंय हो."

"हो साहेब. डावं वळण आहे. कठडा तुटलाय."

"अहो ताई!"

"जरा सरळ. आता परत उजवं."

"काय रेडिओ आहे हा!" शेखर साहेब भडकले. "सफारीचे पैसे भरलेत आम्ही, बडबडीचे नाही. निसारभाई, तुम्ही तरी सांगा हिला!"

निसारभाईंच्या कपाळावर घाम आला होता. ते काय सांगणार? गप्प बस म्हणायची सोय नव्हती आणि बोल म्हणायचीही नव्हती. "ऐक, साहेब काय म्हणतात," ते पुटपुटले.

निलोफर गप्प झाली. जेमतेम एक श्वास. तेवढ्यात वळण संपलं, ऊन सरळ काचेवर आलं आणि रस्त्याच्या मधोमध तिला वानरीण दिसली. कुणी भाविकाने टाकलेले फुटाणे वेचत बसली होती. पोटाशी पिल्लू होतं. गाडी आहे त्या वेगाने तिच्यावर निघाली होती.

"अब्बा, रोको!"

ब्रेक असे लागले की उज्वलाची पिशवी पुढे येऊन पडली. गाडी कठड्याकडे घसरत जाऊन थांबली. वानरिणीने तोंड वर केलं, पण हलली नाही. बॉनेटपासून हातभर अंतरावर बसून ती गाडीत बघत होती.

"काय आहे?" निसारभाईंनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"काय आहे समोर? निलो? माणूस आहे का?"

ते समोरच बघत होते. वानरीण त्यांच्याकडे बघत होती. मागे शेखर साहेबांनी कॅमेऱ्याकडे नेलेला हात तसाच राहिला. उज्वलाने तोंडावर पदर धरला. त्या दोघांनाही एकदमच कळलं, आणि कळलंय हे निसारभाईंनाही कळलं.

त्यांनी हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत धरून बसले. मग दार उघडून खाली उतरले आणि बॉनेटला हात लावत लावत, गाडीला पुढून वळसा घालून, निलोफरच्या दाराशी आले. तोपर्यंत वानरीण पिल्लाला घेऊन कठड्यावर जाऊन बसली होती. त्यांनी शेखर साहेबांच्या खिडकीकडे तोंड करून हात जोडले.

"साहेब, माफ करा. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. मला वाटलं, हा एक सीझन निघेल." मग म्हणाले, "इथून पुढे गाडी पोरगी चालवेल. हात पक्का आहे तिचा. मीच शिकवलंय."

शेखर साहेबांचं तोंड उघडलं. काहीतरी जबरदस्त बोलायच्या बेतात होते ते, आणि बोलले असते तर चूक त्यांची नव्हती. पण लंकाबाईने त्यांच्या मांडीवर हात ठेवून गच्च दाबला. "बस व्हयनं, शेखर," ती म्हणाली. "बस."

त्यांच्या हातातली किल्ली घेऊन निलोफर ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट अजून गरम होती. आरसा आपल्या उंचीला लावताना तिला रडू फुटलं, ते तिने बाहीने पुसलं आणि गाडी पहिल्यात टाकली. घाटात पाहुणे घेऊन चालवायची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे सगळं लक्ष रस्त्यावर होतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

शेजारच्या सीटवर निसारभाई हात मांडीवर ठेवून बसले होते. तिसऱ्या वळणावर त्यांनी तिच्याकडे मान कलती केली.

"बोल ना, बेटा," ते म्हणाले. "क्या दिख रहा है?"

घरची बोली, पाहुण्यांसमोर. मागून शेखर साहेब खाकरले आणि म्हणाले, "बोला ताई, बोला. आम्हीही ऐकतो."

"उजवीकडे वडाचं झाड आहे, अब्बा," ती म्हणाली. "झाडावर कळप आहे. मोठा आहे."

"तोंड काळं की लाल?"

"काळं."

"मग वानरं," निसारभाई म्हणाले आणि त्या दिशेने तोंड करून बघत राहिले.