मागच्या चाकाचा सूड

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या मागच्या चाकातला ब्रेकचा कॅलिपर आहे, आणि माझ्या अंगात नुसता राग भरला आहे. पेडल दाबलं की माझ्या पोटातला पिस्टन सरकतो आणि पॅड चाकाच्या डिस्कला आवळतात. हँडब्रेकची केबलही माझ्याच खांद्याला.

कारखान्यातून आलो तेव्हा कसा चकचकीत होतो! पण कौतुक सगळं पुढच्या ब्रेकचं. मालक गाडीचं टप पुसून पुसून झिजवायचा, माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. हँडब्रेक तर कधी लावायचाच नाही. "गिअरमध्ये टाकली की झालं," म्हणायचा. पिस्टनवरचं माझं रबर फाटलं, पाणी शिरलं, गंज चढला. मी आखडलो. पिस्टन मागे सरेना, पॅड डिस्कला घासतच राहिले.

तेव्हा या शहाण्याने स्वतःच लोखंडी शिकंजा लावून, तो पिळून पिस्टन सरळ आत रेटला. अरे बाबा, मागच्या ब्रेकचा पिस्टन फिरवत आत न्यायचा असतो! माझ्या आतला स्क्रू कडकन मोडला. त्याच क्षणी मी ठरवलं, याची खोड मोडायचीच.

संधी घाटाच्या उतारावर आली. गाडी त्याची लेक चालवत होती, तो शेजारी बसला होता. मी डिस्क सोडलीच नाही. तापलो, लालबुंद झालो, माझ्यातलं ब्रेकचं तेल उकळून त्याची वाफ झाली, आणि पेडलचा सगळा जोर त्या वाफेतच जिरला.

"बाबा, पेडल खालीच जातंय! ब्रेक लागत नाहीये!"

मालकाने हँडब्रेक खेचला. गंजलेली केबल तटकन तुटली. शाब्बास, म्हटलं, ओढ आता!

लेकीने एकेक गिअर खाली आणला, गाडी कठड्याला घासत नेली आणि कशीबशी थांबवली. दोघं उतरली. मालकाने चाकाला हात लावला आणि "आई गं!" करून बोटं तोंडात घातली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

"या मेल्या कॅलिपरने जीव घेतला असता," तो ओरडला.

"त्याला कशाला शिव्या देताय?" लेक रडत म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदा तरी खाली वाकून बघितलंत का?"

मालक खाली वाकला आणि चाकाआड डोकावला.

तिने मला गॅरेजात नेलं. नवा पिस्टन आला, नवं रबर आलं, हँडब्रेकची नवी केबल आली, मी ज्यांवर सरकतो त्या पिनांना ग्रीस लागलं. गाडीची किल्ली आता तिच्याकडे असते. मालक मागच्या सीटवर बसतो, उतार आला की सीट घट्ट धरतो. धरू दे! मी त्याला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोटारीतही माझे भाऊबंद आहेत. हँडब्रेक रोज ओढा, फाटलं रबर वेळेवर बदला, चाक तापतंय का ते बघा. आम्ही सूड मालकावर उगवतो, पण त्या वेळी गाडीत कोण बसलंय ते आम्ही बघत नाही.