फुली जागेवरच होती

मित्रांनो, मला दुर्बीण म्हणतात खरं, पण चंद्र-तारे मी कधी पाहिले नाहीत. मी बंदुकीच्या पाठीवर बसणारी जुनी दुर्बीण आहे. घाबरू नका, माझी बंदूक गोळी मारत नाही, भुलीची सुई मारते. प्राणिसंग्रहालयाचे डॉक्टर जखमी जनावराला लांबूनच झोपवतात आणि मग त्याच्यावर उपचार करतात.

मला बंदुकीवर बसवलं ते डॉक्टरांच्या मेहुण्याने. बंदुका दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याने बंदूक शिकंज्यात धरली, पाणसळ ठेवून सरळ केली आणि मला दोन कड्यांत बसवलं. माझ्या पोटात दोन बारीक तारांची फुली आहे. समोर ओळंबा सोडून त्याने फुलीची उभी तार त्या दोरीशी जुळवली. मग स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. एकदम आवळले की माझं अंग पिळवटतं, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी दुकानामागच्या मोकळ्या जागेत कागद लावला आणि जिथे फुली तिथेच सुई बसेपर्यंत नेम जुळवायच्या माझ्या चकत्या फिरवल्या. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पुढे कितीतरी वर्षं आमचा नेम चुकला नाही. लांडग्याचा किडका दात निघाला, हरणाच्या शिंगातली जाळी सुटली. डॉक्टर मऊ फडक्याने माझी काच पुसायचे आणि म्हणायचे, "ही आहे म्हणून मी आहे."

मग सुया भलतीकडे जाऊ लागल्या. डॉक्टर मला घेऊन मिस्त्रीकडे आले. "ही हल्ली दगा देते रे. बघ जरा."

मिस्त्रीने त्यांनाच कागदावर मारायला सांगितलं. एक सुई वर लागली, एक डावीकडे, एक कागदाबाहेर. मिस्त्री काय ते समजला. मी सरकले असते, तर सगळ्या सुया एकाच चुकीच्या जागी बसल्या असत्या. अशा विखुरतात त्या मारणाऱ्यामुळे. डॉक्टरांच्या डोळ्यात उतरलेली दुधाळ झाक तर मी रोज जवळून पाहत होते. नाचता येईना अंगण वाकडे, असं त्यांना सुनवावंसं वाटलं, पण मला तोंड नाही. मिस्त्रीला होतं. त्याने माझ्या चकत्या उगाच पुढे-मागे फिरवल्या, जिथल्या तिथे आणून ठेवल्या आणि म्हणाला, "झालं, दाजी." मोठ्या बहिणीचा नवरा, त्यातून एवढा नावाजलेला माणूस. त्यांना तोंडावर कसं सांगायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

काही दिवसांनी एका अस्वलाच्या मादीच्या पायात तारेचा फास रुतला. डॉक्टरांनी मला डोळा लावला. त्यांना वाटलं फुली खांद्यावर आहे. ती पोटावर होती. सुई मऊ पोटात घुसली. बिचारी बिथरून पळत सुटली आणि आवारातल्या पाण्याने भरलेल्या खंदकात पडली. औषध चढलं ते पाण्यात. माणसं पोहोचेपर्यंत ती बुडाली होती.

डॉक्टर तडक मिस्त्रीकडे आले. "सांगितलं होतं ना, हिच्यात दोष आहे म्हणून."

मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. "हिच्यात काही नाही, दाजी. तुमच्या डोळ्यात आहे. मला त्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

डॉक्टर स्टुलावर बसले. म्हणाले, "वाटलं असतं. आणि ती जगली असती."

मित्रांनो, माझी काच पुसायची राहिली तरी चालेल. पण आपल्या माणसाला दिसेनासं झालं, तर ते त्याला वेळेवर सांगा. तो रागावेल, चार दिवस बोलणार नाही. तेवढं सोसा.