उभा पाय

झेंडा वर गेला आणि चाळीस हजार लोकांनी एका सुरात सहायकाच्या आईची चौकशी केली.

त्याचं त्याला काही वाटलं नाही. देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमध्ये मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन पळायला लागून त्याला अठरा वर्षं झाली होती. कागदोपत्री हुद्दा सहायक पंच, म्हणजे निर्णय दुसऱ्याचा आणि शिव्या स्वतःच्या. आठवड्याचे पाच दिवस तो पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात बसून फोनवर शिव्या ऐकायचा आणि सहाव्या दिवशी प्रत्यक्ष. फरक एवढाच, की खात्यात शिवी देणाऱ्याला तक्रार क्रमांक मिळायचा.

त्याला अस्वस्थ केलं ते हिरव्यांच्या नऊ नंबरवाल्याने. त्याच्याच गोलावर झेंडा वर गेला होता. ऑफसाइड ठरलेले खेळाडू हात नाचवतात, गुडघे टेकतात, आकाशातल्या साक्षीदाराला बोलावणं धाडतात. हा दारात न मावणारा गडी हात खाली सोडून समोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, मी मागे होतो. आईशपथ, पाऊलभर मागे होतो."

त्या दिवशी एकाच मैदानावर दोन आयांची नावं निघाली. त्यातली दुसरी सहायकाच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी टीव्हीवर चित्र थांबवून लाल रेघ मारून दाखवली. नऊ नंबर पाऊलभर मागे होता. सामना शून्य-शून्य सुटला होता आणि हिरव्यांचे हक्काचे दोन गुण गेले होते. मोसमाचा तिसराच आठवडा. पडद्यावर बघून निर्णय फिरवायची सोय पुढच्या मोसमापासून येणार होती. या मोसमात झालेली चूक म्हणजे दगडावरची रेघ.

"अहो, मी काय विचारतेय?" बायको म्हणाली.

"काय?"

"तिसऱ्यांदा विचारतेय. चहा टाकू का?"

ती त्याच्या डाव्या हाताला बसली होती. सहायकाने तिच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तक्रार विभागातला फोन खराब आहे म्हणून त्याने वर्षभरात तीनदा बदलून घेतला होता. तो रिसीव्हर डाव्या कानाला लावायचा, कारण उजव्या हाताने लिहायचं असे.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी हेडफोन चढवून तपासलं आणि कागदावर एक आलेख काढला. उजव्या कानाची रेघ सपाट चालली होती. डाव्याची रेघ जिना उतरत होती.

"डावा निम्म्याहून जास्त गेलाय," त्या म्हणाल्या. "नस आहे, परत येत नाही. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"लग्नाला बावीस वर्षं झाली," सहायक म्हणाला. "फरक कळायला मार्ग नव्हता."

बाई हसल्या. "पण तुमचं काम डोळ्यांचंच ना? मग एवढं काय!"

सगळ्यांचा असाच समज असतो. वास्तविक ऑफसाइडचा नियम साधा आहे: पुढे चेंडू मारला जातो त्या क्षणी चढाई करणारा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्या पुढे असता कामा नये. सहायक त्या शेवटच्या बचावपटूच्या रेषेत उभा असतो आणि नजर रेषेवरून हलवत नाही. चेंडू मारणारा असतो डाव्या हाताला, चाळीस-चाळीस पावलांवर. डोळे एका वेळी दोन गावांना जात नाहीत. म्हणून रेषा बघायची आणि लाथ ऐकायची. 'धप्' ऐकू आलं की त्या क्षणी कोण कुठे आहे ते ठरवायचं. चाळीस हजारांच्या कोलाहलातून ते 'धप्' वेचून काढायला कानाला दहा वर्षं लागतात. सहायकाच्या कानाला ती लागली होती आणि आता कान निघून चालला होता. आवाज उजव्या कानाकडे वळसा घालून पोचेपर्यंत नऊ नंबरने एक पाऊल टाकलेलं होतं.

मुख्य पंचांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते शाळेत कवायत शिकवायचे. बारा वर्षं दोघांची जोडी होती. सहायकाने त्यांना सगळं सांगितलं आणि एक तोडगाही मांडला. "तुम्ही मैदानात तिरपे पळता, मी तुमच्या उलट बाजूला. तुम्ही दुसऱ्या तिरप्या रेषेत पळालात, तर मी समोरच्या अंगाला जाईन. चेंडू मारणारा उजव्या कानाला येईल."

"एकोणीस वर्षं या रेषेत पळतोय मी," मास्तर म्हणाले. "घरात स्वयंपाकघरात जायचं तरी तिरपा जातो. आता उलटा पळालो तर थेट पार्किंगमध्ये निघेन बघ."

"मग?"

"मग सोडून दे. अठरा वर्षं झाली. माणसाने लोक 'इतक्यात का' विचारत असताना उठावं."

"मास्तर, आता उठलो तर लोक 'कशाने' विचारतील. आणि उत्तर त्या गोलाचं असेल. पुन्हा चूक झाली तर त्याच दिवशी जातो. तुम्ही कानाला धरून काढा."

"कुठल्या?" मास्तरांनी विचारलं.

दर तिमाहीला तंदुरुस्तीची परीक्षा असे. सहायक सगळ्या धावा पुऱ्या करून पास झाला. डोळे तपासले, गुडघे तपासले, दात कशासाठी तपासले ते कुणालाच कळलं नाही. कानाचा रकाना फॉर्ममध्ये नव्हताच. पंचाला कान असते तर तो पहिल्याच मोसमात घरी गेला असता, असा विचार फॉर्म करणाऱ्याने केला असावा.

त्याने पंचांच्या समितीला तीन ओळींचं पत्र लिहिलं, की तिसऱ्या आठवड्यातला निर्णय माझा चुकला. उत्तर आलं, की सहायकांनी आपले निर्णय चुकल्याचं कळवण्याची पद्धत नाही. तरी पत्र दप्तरी ठेवले आहे.

मग गच्ची सुरू झाली.

सकाळी सहाला सहायक गच्चीच्या मधोमध समोरच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावून उभा राही. डावीकडे, गच्चीच्या पार टोकाला, बायको. तिच्या पायाशी फुटबॉल. तिने जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. लग्नानंतर एकदा सामना बघायला आली होती आणि स्वेटरची एक बाही विणून परत गेली होती. आता तिने मनाला येईल तेव्हा चेंडू कठड्यावर मारायचा आणि त्याने न बघता "आता" म्हणायचं.

पहिले आठ दिवस "आता" चेंडू कठड्याला लागून परत आल्यावर यायचं.

"तुम्ही आवाजाची वाट बघताय," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तो यायचा नाही. गेला तो."

"मग कशाची वाट बघू?"

"दूध उतू जाताना ओरडतं का? माझी पाठ असते गॅसकडे, तरी कळतं. आणि मी काही काम सांगणार हे तुम्हाला मी तोंड उघडायच्या आधी कसं कळतं? उठून चालायला लागता ते!"

सहायकाने प्रामाणिकपणे विचार केला. "तू आधी खांदा पाडतेस."

"मग बघा की खांदा!"

"बघता येत नाही. नजर टाकीवर हवी."

"माझ्याकडे तरी कुठे नीट बघून पळता?"

मुद्दा बिनतोड होता. डोळ्यांच्या कोपऱ्यात माणूस दिसत नाही, पण माणूस हलला हे दिसतं. तो कोपरा सहायकाने अठरा वर्षं वापरलाच नव्हता. पुढचे दोन महिने त्याने कोपऱ्यात राहायला जायचं ठरवलं. हळूहळू त्याला कळलं, की मारणारा पाय भरवशाचा नाही. तो मागे जातो, पुढे येतो, हूल देतो. पण मारायचंच ठरलं की दुसरा पाय चेंडूशेजारी रोवला जातो आणि सगळं अंग त्याच्यावर उभं राहतं. उभा पाय खोटं बोलत नाही. तो रोवला गेला, की पापणी लवायच्या आत लाथ.

"आता," तो म्हणाला. त्याच क्षणी कठड्यावर धप् झालं असावं, कारण खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले.

"रोज सकाळी काय कुटताय हो?"

"ऑफसाइड," बायको म्हणाली आणि पुढचा चेंडू लावला.

मोसम पुढे सरकत गेला. पाऊस झाला, थंडी पडली, मैदानांचे गोलाजवळचे भाग टक्कल पडल्यासारखे झाले. पंचांनी मैदानात आपसात बोलायला कानात घालायच्या यंत्रातून मास्तरांचा आवाज सहायकाला विहिरीतून आल्यासारखा यायचा, पण मास्तरांचं म्हणणं बारा वर्षांत बदललं नव्हतं, त्यामुळे अडलं नाही. समितीचे निरीक्षक गुण देत होते. सातवा आठवडा, बारावा, विसावा. निळ्यांचा एक गोल त्याने नखाएवढ्या फरकाने नाकारला आणि टीव्हीवरच्या लाल रेघेने मान डोलावली. दुसरा एक नखभर फरकाने चालू दिला, तोही बरोबर निघाला. रोज सकाळी शंभर चेंडू. बायकोची लाथ इतकी सुधारली, की टाकीच्या पाइपाला गळती लागली. ती तक्रार सहायकाने स्वतःच नोंदवून घेतली आणि स्वतःलाच क्रमांक दिला.

फक्त एक गोष्ट बरोबर येईना. हिरव्यांचा संघ तक्त्यात खालून तिसरा होता, मग खालून दुसरा झाला. वर्तमानपत्रवाले दर आठवड्याला 'ते दोन गुण' असा उल्लेख करत. शेवटच्या सामन्याला गणित असं उरलं: हिरव्यांनी बरोबरी केली तर ते वरच्या लीगमध्ये टिकतात; हरले तर खालच्या लीगमध्ये जातात. ते दोन गुण गाठीला असते तर त्यांना शेवटचा सामना गात-गात खेळता आला असता.

समितीने सहायकाची नेमणूक त्याच सामन्यावर केली. समिती निःपक्षपाती होती; जुने कागद तिथे कोणीच वाचत नसे.

"तुला नको असेल तर मी बदलून घेतो," मास्तर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले.

"नको. उतरतो."

"त्या पोरांचा एक गोल आहे तुझ्याकडे, हे सगळ्या जगाला माहितीय. डोक्यात ठेवून पळू नकोस."

"डोक्यात नाही ठेवत," सहायक म्हणाला. कुठे ठेवतो ते त्याने सांगितलं नाही.

निळ्यांना या सामन्यात मिळवायचं-गमवायचं काही नव्हतं. अशा संघाकडूनच हमखास गोल होतो, तसा तो झाला. शून्य-एक. सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत हिरवे भिंतीवर डोकं आपटत राहिले. तीन म्हातारे चाहते कठड्यापाशी सहायकाच्या अगदी पाठीमागे उभे होते आणि आता ते शिव्याही देत नव्हते. त्यातला एक आर्जवाने म्हणाला, "भाऊ, या वेळी बघा हं जरा." उजवीकडून म्हणाला, म्हणून ऐकू आलं.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका थांबला आणि उभा पाय रोवला गेला. रेषेवर नऊ नंबरचा गुडघा बचावपटूच्या पुढे होता. पाऊलभर नाही. गुडघाभर.

चेंडू उंचावरून आला, नऊ नंबरने छातीवर घेतला आणि जाळ्यात मारला. स्टेडियम जागेवरून उठलं. कुणी कुणाच्या खांद्यावर चढलं, म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

सहायकाला हात खालीच ठेवता आला असता. कुणी त्याला चोर म्हटलं नसतं. उलट माणुसकी आहे म्हटलं असतं. गुडघाभर फरक, तोही चाळीस पावलांवरच्या लाथेचा. मोसमाच्या सुरुवातीला एक गोल दिला नाही, शेवटी एक दिला. हिशेबाला इतकं सोपं गणित आयुष्यात पुन्हा आलं नसतं. पण एक चूक पुसायला दुसरी घेतली, तर दोन होतात. तक्रार विभागात त्याने हे रोज पाहिलं होतं: एका गल्लीचं पाणी चुकून बंद झालं म्हणून दुसऱ्या गल्लीचं तोडून तिला देतात.

झेंडा वर गेला.

चाळीस हजार लोक गप्प झाले. ते शिव्यांपेक्षा जड होतं, आणि ते मात्र त्याला दोन्ही कानांनी ऐकू आलं.

शेवटची शिट्टी झाली. हिरवे गवतावर जिथल्या तिथे बसले. सहायक झेंड्याची काठी पुसत कडेने चालत निघाला, तेव्हा नऊ नंबर उठून त्याच्याकडे आला. पोलीस दोन पावलं पुढे झाले. नऊ नंबरने सहायकाच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, वाकून दोन-तीन शब्द बोलला आणि खेळाडूंच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोगद्याकडे चालता झाला.

खात्याच्या फोनवर सहायक दिवसातून पन्नास वेळा "पुन्हा सांगता का?" म्हणायचा. आत्ता म्हणाला नाही. तो "हो" म्हणाला.

टीव्हीवर लाल रेघ आली. गुडघाभर पुढे. बायकोने ते चित्र पाहिलं आणि नंतरचंही, खांद्यावर हात ठेवलेलं.

"काय म्हणाला हो तो?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं. गच्चीवर जायचं नव्हतं. समितीला द्यायचं पत्र पेटीत टाकायला दोघं निघाली होती. पत्रात लिहिलं होतं, की डावा कान गेल्यामुळे मी थांबतो आहे, आणि तंदुरुस्तीच्या फॉर्ममध्ये कानाचा एक रकाना घालावा.

"डाव्या बाजूने म्हणाला."

"मग विचारायचं नाही?"

"हरलेल्या माणसाला एकच गोष्ट दोनदा बोलायला लावू नये."

"शिवी असली तर?"

"तरी 'हो'च म्हणालो असतो."

पत्र पेटीत पडलं. परतीच्या वाटेवर कोपऱ्याशी आल्यावर ती थांबली. बावीस वर्षं ती त्याच्या डाव्या हाताने चालत आली होती. तिने त्याच्या मागून वळसा घातला, उजव्या बाजूला आली, खांदा किंचित पाडला आणि बोलायला लागली.